पायऱ्या वाढल्याची तक्रार

ताई : तो सांगेल ते सगळं लिहून घेऊ नका, मॅडम. तुमचा कागद फुकट जाईल. आधी मी ऐकते, आणि त्यातलं कामाचं तेवढं गाळून तुम्हाला सांगते.

डॉक्टर : गाळायला नको. छाती त्यांची आहे, त्यांनाच सांगू दे. हं, बोला. काय होतंय?

शिंपी : आधी ते पेन बदला.

डॉक्टर : का?

शिंपी : माझ्या आधीच्या बाईंचं तुम्ही याच पेनानं लिहिलंत. मी दारातून बघितलं. त्यांचं माझ्यात यायला नको.

ताई : बघितलंत? म्हणून म्हणते, गाळून सांगते.

डॉक्टर : हे घ्या, दुसरं घेतलं. नवीन आहे, टोपणसुद्धा निघालेलं नाही. आता सांगा. दुखतंय का?

शिंपी : दुखत नाही. दाबतंय. जुनी कोळशाची इस्त्री असते ना, सात किलोची, तशी कोणीतरी छातीवर ठेवलीये. गरम नाही. थंडच आहे.

डॉक्टर : कोणी ठेवली?

शिंपी : ते अजून ठरवलं नाही.

डॉक्टर : ठीक आहे, घाई नाही त्याची. कधीपासून आहे?

शिंपी : काल दुपारी साडेबाराला ठेवली. एकला उचलली. संध्याकाळी परत अर्धा तास. आज सकाळी सहापासून मात्र उचललेलीच नाही.

डॉक्टर : काल दुपारपासून? आणि येताय आज साडेनऊला?

शिंपी : नियम आहे.

डॉक्टर : कसला नियम?

शिंपी : आमच्या मनाच्या डॉक्टरांनी घालून दिलाय. सांभाळते ही. माझी थोरली बहीण.

ताई : त्याचं काय आहे मॅडम, याच्या डोक्यात काही आलं की त्यावर लगेच काही करायचं नाही. उद्या सकाळपर्यंत थांबायचं. सकाळी ते तसंच शिल्लक असेल तर बोलायचं, नसेल तर सोडून द्यायचं. समोरच्या दुकानदारानं आरशात कॅमेरा बसवलाय, उद्या सकाळी बोलू. रेडिओवरची बाई माझंच बोलतेय, उद्या सकाळी बोलू. दहातल्या नऊ गोष्टी सकाळी उरत नाहीत. एकोणीस वर्षं चाललंय आमचं, आणि चांगलं चाललंय.

शिंपी : दहावी उरते. आरशाची उरली होती.

ताई : तर काल दुपारी हा काज करता करता म्हणाला, ताई, माझ्या छातीवर कोणीतरी इस्त्री ठेवलीये.

डॉक्टर : आणि तुम्ही म्हणालात, उद्या सकाळी बोलू.

ताई : म्हणाले. तुम्ही काय म्हणाला असतात? आणि हा शहाण्यासारखा गप्प बसला हो. एक शब्द नाही. उलट मलाच बरं वाटलं, की बाबू आता नियमात छान बसलाय.

डॉक्टर : मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणलीये का?

ताई : ही काय. स्किझोफ्रेनिया आहे त्याला. बत्तिसाव्या वर्षी सुरू झाला, आता एक्कावन्न आहे तो. दोघं मिळून शिवणाचं दुकान चालवतो आम्ही. तो कापतो, शिवतो. मी बटणं लावते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. त्याला बोलू दिलं तर तो आधी त्यांची चौकशी करतो.

डॉक्टर : अच्छा. स्किझोफ्रेनिया. बरं. मग काल झोप कशी लागली? घरात काही कुरबुर? कसला ताण वगैरे?

शिंपी : ताई, लक्षात आलं का तुझ्या?

ताई : काय?

शिंपी : चिठ्ठी वाचली आणि यांचे प्रश्न बदलले.

डॉक्टर : प्रश्न नाही बदलले.

शिंपी : चिठ्ठीच्या आधी छातीबद्दल विचारत होतात. चिठ्ठीनंतर घराबद्दल विचारताय. माझी छाती घरी नाहीये, इथे आहे.

डॉक्टर : कधी कधी काय होतं, माणूस घाबरला की त्यानंही छातीवर दाब येतो. म्हणून विचारलं.

शिंपी : बाई, मी घाबरणारा माणूस आहे. एकोणीस वर्षं घाबरतोय. घाबरल्यावर मला कुठे काय होतं ते पाठ आहे. आधी कान गरम होतात, मग पोट आवळतं, मग जिभेला तांब्याची चव येते. इस्त्री त्यात कधीच नव्हती. ही बाहेरून आलीये.

डॉक्टर : हं.

शिंपी : हं म्हणजे काय?

डॉक्टर : म्हणजे तुमचं बरोबर आहे. चुकलं माझं. शर्ट काढा आणि इथे आडवे व्हा. मी बोलत बोलत वायरी लावते. दहा आहेत.

शिंपी : कुठे जातात या?

डॉक्टर : या मशीनमध्ये.

शिंपी : आणि मशीन?

डॉक्टर : मशीनची वायर भिंतीत जाते. प्लगमध्ये.

शिंपी : आणि भिंत?

डॉक्टर : भिंत कुठे जात नाही. माझ्या आधीपासून इथेच आहे.

ताई : बाबू, आडवा हो. किती घाम आलाय बघ तुला. मॅडम, हा कालपासून तीन बनियन बदलून बसलाय. मला वाटलं सिगरेटचा वास लपवतोय.

डॉक्टर : सिगरेट किती?

ताई : दिवसाला बारा.

शिंपी : बारा तुझ्यासमोर.

डॉक्टर : आणि यांच्यामागे?

शिंपी : ते मी चिठ्ठीवर लिहून देईन. मोठ्यानं नको.

डॉक्टर : बरं. चालताना, जिना चढताना काही त्रास होतो का?

ताई : मॅडम, कृपा करा. जिन्याचं काढू नका.

शिंपी : काढू दे की. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आपणहून काढतंय.

ताई : चार महिने मी तोच जिना ऐकतेय.

शिंपी : आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्या वाढवल्यात, बाई.

डॉक्टर : कितीनं वाढवल्या?

शिंपी : संख्येनं नाही वाढवल्या. तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या. मी रोज मोजतो, चोपन्नच भरतात. म्हणजे संख्या तीच ठेवली आणि उंची वाढवली. डोकेबाज लोक आहेत.

डॉक्टर : उंची मोजलीत?

शिंपी : धंदाच आहे माझा. टेप लावली. साडेसहा इंच. पूर्वीही साडेसहाच होती.

डॉक्टर : म्हणजे वाढली नाही.

शिंपी : म्हणजे टेपही बदलली.

ताई : हे असं. आता यावर माणूस काय बोलणार?

डॉक्टर : पण तुम्हाला वाढल्यासारखी वाटली कशावरून?

शिंपी : मी शीळ घालत चढायचो. दुसऱ्या मजल्यापर्यंत एक गाणं पुरं व्हायचं. आता पहिल्या मजल्यावरच शीळ संपते. मग तिथल्या दारावरची पाटी वाचत उभा राहतो. तीन मिनिटं वाचली की पुढे जाता येतं. पाटीवर शब्द दोनच आहेत, त्यामुळे आतल्या लोकांना माझाच संशय यायला लागलाय.

डॉक्टर : उभं राहिलं की छातीतलं कमी होतं?

शिंपी : होतं.

डॉक्टर : आणि चढायला लागलं की परत येतं? डाव्या हातात, जबड्यात पण?

शिंपी : दातांत येतं. खालच्या. पण हे तुम्हाला कोणी सांगितलं?

डॉक्टर : कोणी नाही.

शिंपी : मग तुम्हाला कसं माहीत? ताई, या बाईंना आपल्या जिन्यात कधी बघितलंयस का?

डॉक्टर : ताई, हे सगळं कुठल्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं का?

ताई : सांगितलं की. त्याच्या मनाच्या डॉक्टरांना सांगितलं. चांगले आहेत हो ते. शांतपणे ऐकून घेतलं. पायऱ्या, उंची, टेप, सगळं. म्हणाले संशय वाढलाय, आणि गोळी वाढवली.

डॉक्टर : रक्तदाब बघितला? साखर, कोलेस्टेरॉल?

ताई : ते म्हणतात मानेखालचं माझ्याकडे येत नाही. मग आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ही चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, आधी मानेवरचं शांत होऊ द्या, मग बघू.

शिंपी : वर एक डॉक्टर, खाली एक डॉक्टर. मधली मान तेवढी बेवारशी. तिथे मी कॉलर लावतो.

डॉक्टर : वजन वाढलंय का, या वर्षांत?

शिंपी : कंबर चौतीस होती, आता चव्वेचाळीस. मला आधी वाटलं टेप आखडली. पण टेप आखडली असती तर गिऱ्हाइकांच्याही कमरा वाढल्या असत्या. त्यांच्या होत्या तिथेच आहेत. वाढली ती माझी एकट्याची. आता एकाच टेपेनं दोघांना वेगवेगळी मापं येतात म्हटल्यावर माणसानं काय समजायचं?

डॉक्टर : समजायला हवं होतं ते आम्ही. आता दोन मिनिटं बोलू नका, हलू नका.

(मशीनमधून कागदाची पट्टी सरकत बाहेर येते. डॉक्टर ती बघतात, खिडकीशी नेऊन पुन्हा बघतात. मग फोन उचलून हळू आवाजात कोणाला तरी चार वाक्यं सांगतात.)

शिंपी : फोनवर माझं बोललात.

डॉक्टर : हो, तुमचंच बोलले.

शिंपी : बघ ताई. कबूल केलं. आजवर एकानंही कबूल केलं नव्हतं.

ताई : काय निघालंय, मॅडम? काही नाही ना?

डॉक्टर : हार्ट अटॅक आहे.

ताई : कोणाला?

डॉक्टर : यांना. आत्ता चालू आहे. हृदयाला रक्त नेणाऱ्या एका नळीत गुठळी अडकलीये.

शिंपी : इस्त्री.

डॉक्टर : हो. तीच तुमची इस्त्री. आणि चार महिने जिन्यात जे व्हायचं ते हेच होतं. नळी बारीक होत चालली होती, म्हणून चढताना दम पुरत नव्हता. पायऱ्या साडेसहा इंचच आहेत.

शिंपी : आणि टेप?

डॉक्टर : टेपही तीच आहे.

शिंपी : म्हणजे माप बरोबर होतं. माणूस चुकीचा धरला मी.

ताई : थांबा हो जरा. तुमच्याकडे जो येतो त्याला अटॅकच असतो का? मागे आमच्या एका गिऱ्हाइकालाही असंच सांगितलं होतं. नंतर निघाला गॅस.

डॉक्टर : ताई, पट्टी तुमच्यासमोर ठेवते. ही रेघ इथून सरळ जायला हवी. ही अशी डोंगरासारखी चढलीये. तीन ठिकाणी. गॅसनं असं होत नाही.

ताई : मला रेघांतलं काय कळणार?

शिंपी : मला कळतं. ही शिवण उसवलीये. ताई, पट्टीशी वाद घालू नको. आधी मला बोलू देत नव्हतीस, आता तिला बोलू देत नाहीस.

डॉक्टर : ही गोळी तोंडात टाका. गिळायची नाही, चावायची. रक्त पातळ होतं तिच्यानं.

शिंपी : ही आमची नाही.

डॉक्टर : नाही, ही वेगळी आहे.

शिंपी : मग ताई घेईल तेव्हा घेईन.

डॉक्टर : म्हणजे?

ताई : आमची पद्धत आहे ती. सुरुवातीच्या वर्षांत हा गोळ्या घ्यायचाच नाही. तोंडात धरायचा आणि दुकानात नेऊन टाकायचा. पुढे एका वकिलाच्या कोटाचा खांदा खुळखुळतोय अशी तक्रार आली. पॅड उसवलं तर आत अकरा गोळ्या. अस्तर घालून, टाके मारून, व्यवस्थित. तेव्हापासून त्याच्या गोळीबरोबर मी समोर बसून माझी कॅल्शियमची घेते. दोघांनी एकदम तोंडात टाकायची, एकदम आ करून दाखवायचं.

शिंपी : तो खांदा फार सुंदर बसला होता. पुढे वकिलानं तसाच परत मागितला.

डॉक्टर : ताई, तुम्हाला अल्सर, रक्तस्राव, दमा, कुठल्या गोळीची अॅलर्जी, असं काही?

ताई : नाही.

डॉक्टर : मग ही तुमची, ही यांची. चावा दोघं.

ताई : आंबट आहे.

शिंपी : आहे. बरं, आता एक विचारतो. खरं सांगा. मला हे का झालं? मी कोणाचं काय घेतलंय?

डॉक्टर : कोणाचं काही नाही घेतलंत. हा तुमचा आजार ज्यांना असतो ना, त्यांना हृदयाचा आजार इतरांपेक्षा लवकर गाठतो. बरीच वर्षं आधी. सिगरेट असते, बसून राहणं असतं. आणि गोळ्याही असतात. यातल्या काहींनी वजन वाढतं, साखर चढते.

ताई : मॅडम.

डॉक्टर : काय?

ताई : त्याच्यासमोर नका बोलू हे. एकोणीस वर्षं मी त्याला शपथेवर सांगतेय की गोळ्यांत काही नाही.

शिंपी : म्हणजे गोळ्यांत आहे.

ताई : घ्या. आता उद्यापासून कुठल्या कोटात शोधू मी?

डॉक्टर : आहे, मास्तर. तुमच्यापासून लपवत नाही. गोळीत दोन्ही आहे. तुमच्या कानातले आवाज बंद करणारंही त्यातच आणि कंबर वाढवणारंही त्यातच. म्हणून गोळी सुरू असताना वजन, साखर, रक्तदाब बघत राहायचं असतं, लागलं तर गोळी बदलायची असते. तुमचं ते कोणी बघितलं नाही. गोळी बंद मात्र करायची नाही. बंद केलीत तर आवाज परत येतील आणि कंबर आहे तिथेच राहील.

शिंपी : आवाज कमी बोलायचे, पण वेळेवर यायचे. असो. आणखी काही?

डॉक्टर : आणखी एक आहे. या आजाराची माणसं छातीत दाबतंय म्हणाली, की आम्ही त्यांना विचारतो, घरात काही कुरबुर झाली का.

शिंपी : ते तर मी ऐकलं मघाशी.

डॉक्टर : म्हणून सांगितलं. आता ऐका. चौथ्या मजल्यावर आमची खोली तयार होतेय. लिफ्टनं जायचंय, तुम्हाला एक पायरी चढायची नाही. दहा मिनिटांत नेऊ.

शिंपी : आणि वर काय करणार?

डॉक्टर : मनगटातून एक बारीक नळी आत घालायची. ती दंडातून, खांद्यातून हृदयापर्यंत सरकवायची. गुठळी आहे तिथे एक छोटा फुगा फुगवायचा, आणि रक्ताची नळी उघडी राहावी म्हणून आत जाळीची पुंगळी ठेवून द्यायची.

शिंपी : ठेवून द्यायची म्हणजे नंतर काढणार?

डॉक्टर : नाही. ती कायमची आत राहते.

शिंपी : आणि तुम्ही हे सगळं करताना बघणार कसे?

डॉक्टर : पडद्यावर दिसतं आम्हाला. एक्स-रेनं.

शिंपी : ताई, ऐकलंस?

ताई : ऐकलं.

शिंपी : बाई, मला आत्ता असं वाटतंय, की काही माणसं मला वर नेणार, माझ्या हातातून तार घालून काळजापर्यंत पोचणार, तिथे एक वस्तू बसवणार, कायमची, आणि पडद्यावर मला आतून बघणार.

डॉक्टर : बरोबर. असंच करणार आहोत.

शिंपी : एकोणीस वर्षांत मला इतकं स्पष्ट कधी वाटलं नव्हतं. म्हणून म्हणतो, उद्या सकाळी बोलू.

डॉक्टर : काय?

शिंपी : नियम. असं काही वाटलं की उद्या सकाळपर्यंत थांबायचं. सकाळी तसंच वाटलं तर वर जाऊ. शर्ट दे, ताई.

डॉक्टर : मास्तर, उद्या सकाळपर्यंत तुम्ही राहणार नाही. तासातासाला हृदयाचा तुकडा मरतोय तुमच्या. कालचा गेलेला तर परत मिळणारच नाही.

शिंपी : घाई करायला लावणाऱ्यापासून जास्त सावध राहायचं, हेही त्याच नियमात आहे. ताई, सांग यांना. शब्दाला शब्द सांग, डॉक्टर काय म्हणाले होते. तू होतीस ना तिथे.

ताई : बाबू, जाऊ दे ना आता. चल वर.

शिंपी : तू असं म्हणतेस? एकोणीस वर्षांत तू एकदाही मोडू दिला नाहीस. वडील गेल्याचं आत्यानं फोनवर सांगितलं तेव्हाही मला उद्या सकाळपर्यंत थांबवलंस. आणि आज या बाईंच्या सांगण्यावरून मोडायचा? यांनी तुला काय सांगितलंय? मी आडवा होतो तेव्हा काही बोललात का दोघी?

ताई : नाही रे.

शिंपी : मग शर्ट दे.

डॉक्टर : ताई, त्या डॉक्टरांना फोन लावा. मी बोलते. नियम त्यांचा आहे, या एका दिवसापुरता त्यांनाच मोडू दे.

ताई : त्यांना लावून उपयोग नाही.

डॉक्टर : का?

ताई : त्यांना माहीत नाही.

डॉक्टर : काय माहीत नाही?

ताई : नियम त्यांच्या नावावर चालतो हे. त्यांनी नाही केला तो.

शिंपी : कोणी केला?

ताई : मी.

शिंपी : परत सांग.

ताई : मी केला. तुझं नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा. तीन आठवडे तू मला धड डोळा लावू दिला नव्हतास. दर तासाला उठवायचास. भिंतीत कोणीतरी आहे, नळाला कान आहेत. दिवसा दुकान, आणि मग हे. एकदा मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, उद्या सकाळी बोलायचं. मला झोपायचं होतं रे फक्त. आणि तू मान हलवलीस, जाऊन झोपलास. दुसऱ्या दिवशी परत म्हटलं. परत झोपलास. मग मी म्हटलं, चालतंय तर चालू दे.

शिंपी : डॉक्टर दर वेळी त्या नियमाचं कौतुक करतात.

ताई : तुझं करतात. त्यांना वाटतं तो तू शोधून काढलास.

शिंपी : मला वाटायचं स्वतःचंच करतायत. म्हणून मी कधी मधे बोललो नाही.

डॉक्टर : लिफ्ट खाली आलीये, ताई.

ताई : ऐक बाबू. मी केला होता, आता मी मोडतेय. आज सकाळ झालीये. ही तीच सकाळ आहे.

शिंपी : काल दुपारी मोडायला हवा होतास.

ताई : हो. हवा होता.

शिंपी : म्हणजे एकोणीस वर्षं मी तुझं ऐकत होतो.

ताई : माझंच.

शिंपी : मी तर डॉक्टरांवर विश्वास ठेवून होतो. म्हणजे, तसं धरून चाललो होतो. तुझ्यावर कुठे ठेवला होता? माझ्या यादीत तू दुसरी होतीस.

ताई : पहिलं कोण?

शिंपी : आरशावाला.

ताई : आणि मी दुसरी.

शिंपी : बरीच वर्षं. तू रोज माझ्या गोळीबरोबर गोळी का घेतेस, तेही मला खटकायचं. अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

ताई : मग आता कितवी आहे?

शिंपी : आत्ता यादी करायला वेळ नाही, या बाईंनी घाई लावलीये. काय करायचं असतं वर जायच्या आधी?

डॉक्टर : एक सही लागेल. संमतीचा कागद आहे, चार पानी. धोके लिहिलेत त्यात. मी थोडक्यात सांगते.

ताई : इकडे द्या, मी वाचते भराभर. तो अक्षर न अक्षर वाचल्याशिवाय सही करत नाही, मॅडम. वीजमीटर बदलायला आलेल्या माणसाला यानं पाऊण तास जिन्यात उभा केला होता. कागदावरचा छापखान्याचा पत्तासुद्धा वाचतो.

डॉक्टर : पाऊण तास नाहीये आपल्याकडे.

ताई : माहीत आहे. म्हणून तर मी वाचतेय.

शिंपी : काय लिहिलंय?

ताई : तू मरू शकतोस असं लिहिलंय. हजारात फार थोडे, पण शकतोस. हाताला सूज येऊ शकते. मूत्रपिंडाचं काहीतरी लिहिलंय, त्यासाठी पाणी देतात. आणि हे नाही केलं तर मरायची शक्यता पुष्कळ जास्त आहे, असं मॅडम म्हणतायत.

शिंपी : चारही पानं बघितलीस?

ताई : चारही.

शिंपी : मागची बाजू?

ताई : कोरी आहे.

शिंपी : कागद दे.

ताई : हा घे. चष्मा पिशवीत आहे, थांब, काढते.

शिंपी : चष्मा राहू दे. सही कुठे करायची, तिथे बोट ठेव.